काट्याचं दुसरं टोक

१९४० च्या दशकातली एखादी व्ही-एट फोर्ड मूळ सामानासकट जपलेली असेल, तर तिच्यात एक गंमत पाहायला मिळते. गाडी रात्रभर शेडमध्ये उभी आहे, इंजिन पार गार पडलंय, चावीही बंद आहे. पण डॅशबोर्डावरच्या तापमानाच्या मीटरचा काटा मात्र 'हॉट'च्या टोकाला जाऊन बसलेला असतो. चावी फिरवली की तो सावकाश उलटा सरकत 'कोल्ड'कडे येतो. नव्याने विंटेज गाडीच्या नादाला लागलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी तारा उलट्या जोडल्यात. तो मीटर उघडतो, तारा अदलाबदल करून बघतो आणि बहुधा इथेच पहिलं नुकसान करून ठेवतो. कारण त्या मीटरला काहीही झालेलं नसतं. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाही ते असंच वागत होतं.

ते असं का वागतं, याचं उत्तर डॅशबोर्डावर मिळत नाही. तिथे दिसतो तो काटा म्हणजे अर्धंच यंत्र. उरलेलं अर्धं इंजिनाच्या हेडमध्ये एका पितळी बोंडात पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. गॅरेजच्या भाषेत त्याला सेंडर म्हणतात. ही दोन अर्धुकं एकमेकांसाठीच घडवलेली असतात, पण तसं दोघांपैकी एकावरही लिहिलेलं नसतं. मोटारीच्या पहिल्या पिढीत असला प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा यंत्र एकसंध होतं. त्याचे दोन तुकडे कसे झाले, हा मोटारीच्या इतिहासातला दुर्लक्षित पण मोठा रंजक भाग आहे.

सुरुवातीला मीटर नव्हतंच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर विकली गेली, पण तिच्या पाण्याचं तापमान दाखवणारं काही फोर्डने दिलं नाही. पहिल्या अडीच हजार गाड्यांनंतर तर वॉटर पंपही काढून टाकला. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरतं, एवढ्या भौतिकशास्त्रावर ती गाडी धावली. पाणी उकळलं की झाकणातून वाफेचा फवारा उडायचा, आणि मालकाला कळायचं. तोवर बहुधा उशीर झालेला असे. निम्मं पाणी हवेत गेलेलं, हेड तापून लाल व्हायच्या बेतात. अशा इंजिनात घाबरून गार पाणी ओतलं की लोखंडाला चीर जाते, हे त्या पिढीने पदरमोड करून शिकून घेतलं.

या दुखण्यावर उपाय काढला न्यूयॉर्कच्या हॅरिसन बॉइसने. १९१२ च्या सुमारास त्याने रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा थर्मामीटर बाजारात आणला. नाव मोटोमीटर. धातूच्या गोल चौकटीत दोन्ही बाजूंनी काच, मध्ये लाल द्रव भरलेली नळी, आणि नळीचं खालचं टोक झाकणातून आत उतरलेलं. चालकाने आपल्या जागेवरून बॉनेटच्या टोकाकडे पाहायचं. लाल रेघ वर चढताना दिसली की पाय आवरायचा.

यात बॉइसची खरी हुशारी वेगळीच होती. नळीचं टोक पाण्यात बुडत नसे, पाण्याच्या वरच्या पोकळीत लोंबकळत असे. म्हणजे मोटोमीटर पाण्याचं तापमान दाखवतच नव्हतं, पाण्यावरच्या वाफेचं दाखवत होतं. वरवर पाहता ही उणीव वाटते. पण गळतीमुळे पाण्याची पातळी खाली गेली तर पाण्यात बुडवलेला थर्मामीटर कोरडा पडतो आणि नेमक्या संकटाच्या वेळी भलतंच सांगू लागतो. वाफ मात्र वर येतच राहते. हा मुद्दा ध्यानात ठेवायला हवा. इंजिन अडचणीत असताना मीटर कुठल्या बाजूला चुकतं, घाबरवण्याच्या की धीर देण्याच्या, या एका प्रश्नाभोवती पुढचं सगळं फिरतं.

मोटोमीटर तुफान खपलं. मोटार कंपन्या त्यावर आपापली बोधचिन्हं छापून घेऊ लागल्या, हौशी मालक त्याला पंख आणि पुतळे लावू लागले. चोरांचीही सोय झाली, कारण झाकण फिरवलं की मीटर हातात. रात्री दिसायची पंचाईत होती ती वेगळीच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस गाड्या बंदिस्त झाल्या आणि पुढे रेडिएटरचं झाकणच बॉनेटखाली गेलं. मग मीटरला गाडीच्या आत येणं भाग पडलं. बॉइसची कंपनी दुसऱ्या एका मीटरवाल्या कंपनीत मिसळली, आणि १९३४ मध्ये ते सगळंच इलेक्ट्रिक ऑटो-लाइटच्या पोटात गेलं.

मीटर आत आणायचं तर इंजिनातली उष्णता डॅशबोर्डापर्यंत आणायची कशी? याचं उत्तर तयार होतं, तेही मोटारीच्या जन्माच्या आधीपासून. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी दाबमापकाचं पेटंट घेतलं होतं. चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवायची, तिचं एक टोक बंद करायचं; आत दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. मीटरवाल्यांनी त्या नळीला केसाएवढ्या भोकाची लांब तांब्याची नळी जोडली, तिच्या दुसऱ्या टोकाला पितळी बल्ब लावला, बल्बात ईथर भरलं आणि सगळं कायमचं डाखून टाकलं. ईथर साधारण ३५ अंश सेल्सियसलाच उकळतं. इंजिनाच्या पाण्यात ते जसं तापेल तसा आतल्या वाफेचा दाब वाढतो, तो दाब नळीतून डॅशबोर्डापर्यंत पोहोचतो आणि काटा हलतो. इंग्लंडच्या स्मिथ्सने आणि इतरांनी असली मीटरं वर्षानुवर्षं बनवली. अमेरिकन लष्करासाठी विलीज आणि फोर्डने बनवलेल्या महायुद्धातल्या जीपमध्येही हेच होतं.

या मीटरची ओळख लांबूनही पटते. त्याच्या तबकडीवरचे आकडे समान अंतरावर नसतात. थंड बाजूला दाटीवाटी, गरम बाजूला ऐसपैस. बाष्पाचा दाब तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, वर जाता जाता उसळी घेतो, म्हणून. मालकाच्या दृष्टीने हे सोयीचंच होतं. ४० आणि ५० अंशांतला फरक कोण पाहतो? ९० आणि १०० मधला मात्र दिसायलाच हवा.

शिवाय हे यंत्र सर्वार्थाने एक होतं. बल्ब, नळी, तबकडी एकाच वेळी भरून बंद केलेली. काही जुळवायचा प्रश्न नाही. बॅटरी उतरली तरी काटा खरं बोलतो. पण नळी कुठे पिचली किंवा कापली गेली की ईथर उडून जातं आणि सगळं यंत्र भंगारात. इंजिन उतरवताना बल्ब सोडवायला विसरलेल्या मेकॅनिकांनी अशी किती मीटरं मारली असतील, याचा हिशेब नाही.

अशा मेलेल्या मीटरला जिवंत करायची एक जुनी युक्ती आहे. बाजारातून स्वस्तातलं नवं मीटर आणायचं आणि त्याचा बल्ब बर्फ आणि मिठाच्या काल्यात बुडवायचा. बर्फात मीठ पडलं की ते शून्याच्या बरंच खाली उतरतं. आतलं ईथर गोठत नाही, पण बल्बाच्या तळाशी द्रव होऊन गप्प बसतं आणि दाब जवळजवळ नाहीसा होतो. तेवढ्या वेळात नळी कापायची, जुन्या मीटरच्या नळीच्या टोकाशी भिडवायची, वरून एक बारीक तांब्याची बाही सरकवायची आणि डाखून टाकायची. बल्ब काल्यातून बाहेर काढायच्या आधी डाग पूर्ण बसलेला हवा. हात सफाईचा असेल तर जुनी तबकडी पुन्हा बरोबर आकडा दाखवू लागते. ईथर पेटतं, तेव्हा हे काम उघड्या ज्योतीने करू नये, सोल्डरिंग आयर्नने करावं, हे सांगायला नकोच.

कारखान्यात गाड्या मिनिटांच्या हिशेबाने जोडल्या जाऊ लागल्यावर मात्र ही नळी अडचणीची ठरू लागली. डॅशबोर्ड एकीकडे तयार होतो, इंजिन दुसरीकडे. दोघांना जोडणारी, न वाकवता-न पिचवता ओवायची तांब्याची नळी कामगाराला जाच वाटणारच. तार असती तर? तार कापता येते, जोडता येते, कशीही वळवता येते. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावच्या किंग-सीली कंपनीने हे काम हाती घेतलं आणि यंत्राचे दोन तुकडे झाले. (याच कंपनीने पुढे १९६० मध्ये अमेरिकेतली थर्मॉस कंपनी विकत घेतली. गरम-गारमची हौस तिला पुरेपूर होती म्हणायची.)

किंग-सीलीच्या सेंडरमध्ये दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असे. दोन धातू वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात, म्हणून तापली की ती वाकते. पट्टीवर बारीक रोधतार गुंडाळलेली, आणि टोकाला वीज जोडणारा-तोडणारा पॉइंट. चावी फिरवली की बॅटरीतून वीज मीटरमधून सेंडरपर्यंत येते, रोधतार तापते, पट्टी वाकते, पॉइंट सुटतो, वीज तुटते. पट्टी निवते, पॉइंट पुन्हा टेकतो. असं अखंड चालू. डॅशबोर्डातल्या मीटरमध्येही अशीच तार गुंडाळलेली पट्टी असते, फक्त तिला पॉइंट नसतो, काटा असतो. तीच वीज तिच्यातूनही जाते, तीही तापते आणि काटा ढकलते.

आता गंमत पाहा. इंजिन थंड असेल तर सेंडरमधल्या पट्टीला वाकायला बरीच वीज लागते, म्हणून पॉइंट जास्त वेळ टेकलेला राहतो. मीटरच्या पट्टीला भरपूर ऊब मिळते आणि काटा दूर ढकलला जातो. ते दूरचं टोक म्हणजे 'कोल्ड'. इंजिन तापलं की पाण्याच्या उष्णतेनेच सेंडरची पट्टी अर्धी वाकलेली असते. चिमूटभर विजेने पॉइंट सुटतो, मीटरला ऊब कमी मिळते, काटा मूळ जागी परततो. मूळ जागा म्हणजे 'हॉट'. चावी बंद केली तर वीज शून्य, म्हणून काटा त्याच जागी. बंद मीटर आणि उकळतं इंजिन यांत या काट्याला काही फरक दिसत नाही.

हा निव्वळ योगायोग होता की आखणी, यावर वाद घालता येईल. पण परिणाम पाहा. तार तुटली, सेंडरचा पॉइंट झिजून गेला, फ्यूज उडाला, यांतलं काहीही झालं तरी काटा 'हॉट'लाच जाऊन पडणार. बिघडलेलं मीटर चालकाला घाबरवतं. गाडी थांबवायला लावतं. बॉइसच्या मोटोमीटरमधलं शहाणपण इथे वेगळ्या रूपात पुन्हा उतरलं होतं.

व्ही-एट फोर्डला याची गरजही होती. १९३२ मध्ये हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. दोन रांगा, प्रत्येक रांगेवर सपाट हेड, प्रत्येक बाजूला स्वतंत्र पंप. जळालेला वायू ब्लॉकमधूनच पाण्याच्या वाटेशेजारून बाहेर जायचा, त्यामुळे हे इंजिन तापण्यासाठीच प्रसिद्ध झालं. हेडं दोन, मग एक बाजू गार आणि दुसरी उकळतेय असं होऊ शकत होतं. म्हणून दोन्ही हेडांत एकेक बोंड बसवलं. एक खरा सेंडर. दुसरं मात्र फक्त स्वीच, आपली बाजू मर्यादेबाहेर तापली की तो वीज तोडतो. दोन्ही एकामागोमाग एकाच तारेत. वीज तुटली की काटा 'हॉट'ला. म्हणजे दोहोंपैकी कुठलीही बाजू तापली तरी एकच काटा ओरडतो. स्वीचच्या दोन तारांच्या बोंडाच्या जागी सेंडरचं एका तारेचं बसवलं की हा सगळा डाव मोडतो. आजही जुन्या फोर्डचे मालक नेमकं तेच करून बसतात, कारण टर्मिनलं सोडली तर बाहेरून दोन्ही बोंडं सारखी दिसतात आणि आटेही जुळतात.

किंग-सीलीच्या जोडीत आणखी एक गुण होता. त्या काळची बॅटरी ६ व्होल्टची, आणि डायनामोचा लहरीपणा असा की गाडी पळताना व्होल्ट वर आणि दिवे लावून उभी असताना खाली. पण या सेंडरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. व्होल्ट वाढले तर पट्टी लवकर तापते, पॉइंट लवकर सुटतो. सरासरी ऊब तेवढीच राहते. मीटर आणि सेंडर मिळून आपापसांत हिशेब मिटवत.

मग १९५० च्या दशकात मोठमोठी इंजिनं आली. ती फिरवायला ६ व्होल्टचा स्टार्टर अपुरा पडू लागला. १९५५ मध्ये शेव्हरले आणि १९५६ मध्ये फोर्ड १२ व्होल्टवर गेली. या बदलाबरोबर मीटरांचीही नवी व्यवस्था रूढ झाली. किंग-सीलीची मीटरं तर तशीच हवी होती, पण तो पॉइंटवाला नाजूक सेंडर नको होता. त्याच्या जागी थर्मिस्टर आला.

तापलं की विजेला जास्त अडवायचं, हा धातूंचा स्वभाव. थर्मिस्टरचा बरोबर उलटा. तापला की तो वाट मोकळी करतो. १८३३ मध्ये मायकेल फॅरेडेच्या हे सिल्व्हर सल्फाइडमध्ये लक्षात आलं होतं, पण त्याचा उपयोग करायला जगाला शंभर वर्षं लागली. १९३० मध्ये अमेरिकेत सॅम्युएल रूबेनने पहिला चालण्याजोगा थर्मिस्टर बनवला, आणि १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेने मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांच्या भाजलेल्या टिकल्यांना भरवशाचं रूप दिलं. पितळी बोंडात अशी एक टिकली, तिच्यावर स्प्रिंग, वर एक टर्मिनल. नवा सेंडर तयार. हलणारा भाग एकही नाही, झिजायला पॉइंट नाही, आणि स्वस्त.

पण यात दोन गोष्टी हातच्या गेल्या. थर्मिस्टरला व्होल्टशी जुळवून घेता येत नाही. बॅटरी चढली की काटाही चढणार. म्हणून एक तिसरा तुकडा आणावा लागला, मीटरांसाठी वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर. आगपेटीएवढ्या पत्र्याच्या डबीत पुन्हा तीच तापणारी पट्टी, तोच उघडमीट करणारा पॉइंट; १२ व्होल्ट तोडतोडून सरासरी ५ व्होल्टएवढी ऊब मीटरांना मिळेल अशी व्यवस्था. सेंडरमधला पॉइंट काढला तो असा डॅशबोर्डामागे येऊन बसला, आणि तिथे बसून रेडिओत खरखर करू लागला. मग फोर्डला ती खरखर रोखायला वेगळी कॉइल घालावी लागली.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. दिशा उलटली. आता गरम म्हणजे जास्त वीज, आणि तार तुटली तर वीज शून्य, काटा 'कोल्ड'ला. बिघडलेलं मीटर आता म्हणतं की सगळं आलबेल आहे. पाणी संपलं, सेंडर कोरडा पडला, तरी काटा खाली. वीस वर्षांत मीटर सुबक झालं, टिकाऊ झालं, आणि खोटा धीर देणारं झालं. या बदलावर त्या काळी फारशी खळखळ झालेली दिसत नाही. चावी बंद केल्यावर सगळे काटे शिस्तीत डावीकडे पडतात, हे दिसायलाही बरं आणि गिऱ्हाइकाला समजावायलाही सोपं. शोरूममध्ये त्याचं वजन जास्त.

एकदा यंत्र तुटलं की ज्याने त्याने आपापल्या मापाने तुकडे घडवले. किंग-सीलीच्या मीटरला थंडीत ७३ ओहम आणि गरमीत १० ओहम रोध देणारा सेंडर हवा. फोर्ड, क्रायस्लर, अमेरिकन मोटर्स आणि जीप या सगळ्यांनी हेच माप उचललं. फोर्डने रेग्युलेटर वेगळ्या डबीत ठेवला. क्रायस्लर आणि जीपच्या कित्येक गाड्यांत तो पेट्रोलच्या मीटरच्या पोटात होता. तो चिकटला की पूर्ण १२ व्होल्ट सुटत आणि पेट्रोल आणि पाणी दोन्हींचे काटे उजवीकडे जाऊन मीटरं जळून जात. जाणता मेकॅनिक म्हणूनच आधी विचारतो, "दोन्ही काटे एकदम गेले, की एकच?" दोन्ही गेले असतील तर रेग्युलेटर. एक गेला असेल तर त्याचा सेंडर किंवा तार.

जनरल मोटर्सने वेगळीच वाट धरली. त्यांच्या मीटरमध्ये दोन कॉइलींच्या चुंबकी ओढाताणीत काटा अडकवलेला असे. व्होल्ट वाढले तर दोन्ही कॉइलींची ओढ सारख्याच प्रमाणात वाढते, म्हणून रेग्युलेटरची गरज नाही. त्यांच्या पेट्रोल मीटरचं माप १९६४ पर्यंत शून्य ते ३० ओहम, १९६५ पासून शून्य ते ९०, आणि शून्य म्हणजे रिकामी टाकी. फोर्डमध्ये ७३ म्हणजे रिकामी आणि १० म्हणजे भरलेली. एकीचा सेंडर दुसरीच्या मीटरला लावला तर टाकी भरताना काटा उतरत जाईल. तिकडे इंग्लंडमध्ये स्मिथ्सने १९६० च्या दशकात १० व्होल्टचा स्टॅबिलायझर आणला, जर्मनीत व्हीडीओने ४० अंशांना सुमारे २९० ओहम आणि १२० अंशांना सुमारे २२ ओहम अशी मापं रूढ केली. आटेही ज्याचे त्याचे. अमेरिकन निमुळते, ब्रिटिश सरळ, जर्मन मिलीमीटरचे.

हा सगळा गोंधळ एकाच गॅरेजच्या फळीवर येऊन पडला असं ठिकाण शोधायचं तर ते आपल्याकडेच सापडेल. अँबेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची, स्टँडर्ड हेरल्ड ट्रायम्फची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जोडले आणि पुढे फियाट. महिंद्रांची जीप माझगावला जोडली जायची, मूळ अमेरिकन विलीज. टेल्कोचे ट्रक १९५४ पासून जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून. चार देशांच्या गाड्या, चार घराणी, आणि परवान्यांच्या काळात मूळ सुटा भाग मिळायची मारामार. मग चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळेल ते बोंड घ्यायचं, आटे बसतात का बघायचे, नाही बसले तर लेथवर बुश करून घ्यायचं. काटा हलला की काम झालं. त्यात पेट्रोल महाग झाल्यावर जीपमधून पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवायची लाट आली. डॅशबोर्ड अमेरिकन रक्ताचा राहिला आणि इंजिन आपला परका सेंडर घेऊन आलं. पत्रिका न बघता लावलेल्या अशा जोड्या खंडाळ्याच्या घाटात रोज चढत होत्या. काटा अर्ध्यावर आणि रेडिएटर उकळतोय, किंवा काटा लालभडक आणि इंजिन कोमट. मीटरवरचा विश्वास उडालेल्या चालकांनी मग थर्मोस्टॅट काढून फेकला, पाण्याचा डबा मागे ठेवला आणि बॉनेटमधून येणाऱ्या वासावर गाडी हाकली.

सेंडर बदलण्याऐवजी एखादा रेझिस्टर लावून जोडी जुळवता येईल का, असं इलेक्ट्रिशियन मंडळी नेहमी विचारतात. आकडे मांडून बघू. मीटर किंग-सीलीचं, सेंडर व्हीडीओचा. गरम टोकाला मीटरला १० ओहम हवेत, सेंडर २२ देतो. त्याच्या बाजूने १८ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडला तर दोन्ही मिळून १० च्या आसपास येतात. छान. पण थंड इंजिनात सेंडर २९० दाखवत असताना त्याच रेझिस्टरमुळे मीटरला दिसतात १७, आणि हवे होते ७३. म्हणजे गार इंजिनातही काटा वरच्या टोकाजवळ, आणि उकळेपर्यंत बोटभरही हलत नाही. थर्मिस्टरचा उतार सरळ रेषेचा नसतो, वक्र असतो; एका ठिकाणी जुळवला की बाकी सगळीकडे सुटतो.

म्हणून जोडी पारखायची खात्रीची रीत अजूनही तीच आहे. गॅसवर पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला सेंडर आणि शेजारी काचेचा थर्मामीटर, सेंडरच्या टर्मिनलला आणि अंगाला मल्टीमीटरच्या दोन तारा. पाणी तापत जाईल तसं दर दहा अंशांना ओहम लिहून घ्यायचे. मग डॅशबोर्डातल्या मीटरला ठरावीक रेझिस्टर लावून काटा कुठे उभा राहतो ते बघायचं, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला, आणि ७ पौंडाच्या प्रेशर झाकणाखाली ११० च्या आसपास. तेव्हा तबकडीवरची लाल रेघ कुठे ओढायची हेही गाडी आणि गाव पाहून ठरवावं लागतं. सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळायचा मोह टाळावा. या सेंडरला दुसरी तार नसते, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. टेपेने आटे झाकले की बोंड इंजिनापासून तुटतं, ओहम वाढतात, आणि काटा पुन्हा धीर द्यायला लागतो.

१९८० नंतर इंजिनांत इंधनाचं गणित करणारे संगणक आले, आणि त्यांना स्वतःचा तापमानाचा सेंडर हवा झाला. काही वर्षं गाड्यांत दोन सेंडर शेजारी शेजारी बसत, एक काट्यासाठी आणि एक संगणकासाठी. पुढे काट्याचा सेंडर गेला. संगणक जे सांगेल ते काटा दाखवू लागला. गिऱ्हाइकं काटा थोडा हलला तरी सर्व्हिस सेंटरला धाव घेतात, असा कंपन्यांचा अनुभव. म्हणून १९९० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत पाणी ७५ अंशांवर असो की ११०, काटा मुद्दामच मध्यावर रोखून धरलेला असतो. त्या पट्ट्याबाहेर गेलं की मग तो एकदम उसळतो.